जेवणाचा कंटाळा यायला हवा

वजन कमी करायचं ठरलं की मराठी घरात पहिली कुऱ्हाड भातावर पडते. ‘रात्रीचा भात बंद केलाय’ हे वाक्य सोसायटीच्या जिन्यात, ऑफिसात डबे उघडताना, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठंही कानावर पडतं आणि ऐकणारा लगेच मान डोलावतो. अशा वेळी त्याला सांगून पाहावं, की अमेरिकेत एका डॉक्टरनं वर्षानुवर्षं अतिलठ्ठ माणसांना भातच खायला घातला आणि त्यांची वजनं पन्नास-पन्नास, साठ-साठ किलोंनी उतरली. तोही हातसडीचा तांबडा भात नव्हे, साधा पांढरा. ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

या डॉक्टरांचं नाव वॉल्टर केम्पनर. जन्म १९०३ चा, बर्लिनचा. आई लिडिया राबिनोविच-केम्पनर या रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत काम केलेल्या नामवंत जंतुशास्त्रज्ञ. ज्यू असल्यामुळं हिटलरच्या जर्मनीत राहणं अशक्य झालं आणि १९३४ मध्ये केम्पनर नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात आले. त्या काळी तीव्र रक्तदाबावर आणि मूत्रपिंडाच्या आजारावर धड औषध नव्हतं. भातावर जगणाऱ्या लोकांत रक्तदाब कमी आढळतो हे त्यांच्या वाचनात होतं. मूत्रपिंडावरचा भार हलका करायचा तर मीठ आणि प्रथिनं कमी करावीत, असा हिशोब मांडून त्यांनी १९३९ पासून रुग्णांना एक आहार द्यायला सुरुवात केली. बिनमिठाचा भात, फळं, फळांचा रस आणि साखर. तेल नाही, तूप नाही, दूध नाही, डाळ नाही. वर जीवनसत्त्वांची पुरवणी. दिवसाकाठी साधारण २००० कॅलरी आणि त्यात प्रथिनं जेमतेम २० ग्रॅम.

हा आहार थोडेच दिवस द्यायचा, असाच त्यांचा बेत होता. १९४२ मध्ये एका शेतकरी बाईला त्यांनी ‘दोन आठवड्यांनी या’ म्हणून सांगितलं. बोलण्यातला जर्मन हेल इतका जड, की बाईंनी ते दोन महिने असं ऐकलं. दोन महिने भात आणि फळं खाऊन त्या परतल्या, तेव्हा रक्तदाब उतरलेला होता आणि डोळ्यांच्या पडद्यावरचा रक्तस्रावही ओसरला होता. तेव्हापासून केम्पनर लांब मुदतीचा आहार बिनधास्त देऊ लागले.

या रुग्णांची वजनंही उतरत होती. जे मुळातच बारीक, त्यांना उलट जास्त साखर खायला लावून वजन टिकवावं लागे. मग लठ्ठ रुग्णांसाठी त्याच आहाराची मापं कमी करून वेगळी पद्धत बसवली गेली. तिच्यावरचा अहवाल १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. १०६ रुग्ण, प्रत्येकाचं वजन किमान ४५ किलोंनी घटलेलं, सरासरी घट जवळजवळ ६४ किलो. त्यातले ४३ जण सर्वसाधारण वजनाला येऊन पोचले. ड्यूक विद्यापीठाच्या डरहॅम या गावात देशभरातून वजनदार मंडळी येऊन महिनोन्‌महिने मुक्काम ठोकू लागली. केम्पनर फार कडक. रुग्ण चोरून काही खारट खातोय का, हे ते लघवी तपासून ओळखत आणि सापडला तर त्याची कानउघाडणी करत.

या आकड्यांकडं जरा तिरक्या नजरेनंही बघायला हवं. किमान ४५ किलो उतरलेलेच रुग्ण निवडून तो अहवाल लिहिला होता. अर्ध्यात वैतागून घरी गेलेले त्यात नाहीत. शेजारी दुसरा आहार देऊन तुलना करण्याच्या भानगडीतही केम्पनर पडले नाहीत. तरी एवढं मात्र पक्कं, की ‘भातानं वजन वाढतं’ हे विधान जसंच्या तसं खरं असतं, तर या १०६ माणसांचं काय झालं ते सांगता आलं नसतं.

मग भातच गुणकारी म्हणायचा का? तसंही नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बटाटा मंडळाचे प्रमुख ख्रिस वॉइट यांनी ६० दिवस नुसते बटाटे खाऊन दाखवले. सरकारी पोषण योजनेतून बटाटा वगळल्याचा त्यांना राग होता, त्याचा हा निषेध. वजन टिकवायला दिवसाला २० बटाटे लागतील असा त्यांनी हिशोब केला होता. पण सुरुवातीचे काही आठवडे तेवढे बटाटे त्यांच्या घशाखालीच उतरेनात. साठाव्या दिवशी वजन साडेनऊ किलोंनी कमी आणि कोलेस्टेरॉल २१४ वरून १४७ वर आलेलं. बटाट्याचा धंदा ज्यांच्या हाती, त्यांनीच केलेला प्रयोग, म्हणून चिमूटभर संशय ठेवू. पण बटाट्याची ही ख्याती प्रयोगशाळेतही दिसली आहे. सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये ३८ पदार्थ सारख्याच कॅलरींच्या मापात लोकांना देऊन, दोन तासांत कशानं किती पोट भरल्यासारखं वाटतं हे मोजलं गेलं. उकडलेला बटाटा पहिला आला, पांढऱ्या पावाच्या तिपटीहून जास्त. शेवटचा नंबर लागला लोण्याच्या क्रॉसाँचा.

भातानंही वजन उतरतं आणि बटाट्यानंही. कुणी नुसत्या फळांवर उतरवतं, कुणी नुसत्या अंड्यांवर. प्रत्येक जण आपापल्या पदार्थाचे पोवाडे गातो. या सगळ्यांत समान काय, तर पदार्थ एकच, आणि तो रोज तोच.

याचा सगळ्यात उघडावाघडा पुरावा १९६५ चा आहे. न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात सामी हाशिम आणि थिओडोर व्हॅन इटाली या डॉक्टरांनी एक यंत्र बसवलं. बटण दाबलं की नळीतून एक घोट पातळ अन्न तोंडात येणार. सगळी पोषणद्रव्यं त्यात, चव मात्र बेताचीच. हवं तेव्हा, हवं तेवढं प्यावं, कुणाची आडकाठी नाही. सडपातळ माणसांनी बटण दाबून दाबून जवळजवळ नेहमीइतक्याच कॅलरी घेतल्या आणि त्यांचं वजन टिकलं. लठ्ठ रुग्णांनी मात्र स्वतःहूनच इतकं कमी घेतलं, की दिवसाचा आकडा काही शे कॅलरींवर आला. भुकेची तक्रार नाही, चिडचिड नाही. सुमारे १८० किलोंच्या एका तरुणानं हेच अन्न पुढं घरी चालू ठेवलं आणि वर्षाच्या आतच त्याचं वजन निम्म्यावर आलं. माणसं मोजकी होती, त्यामुळं यावरून कायदा सांगता येणार नाही. पण ‘लठ्ठ माणसाला भूकच फार’ या समजुतीला तेव्हा धक्का बसला तो बसलाच. अन्नातली मजा काढून घेतल्यावर खाणं आपोआप आवरलं, म्हणजे नेहमीचं जास्तीचं खाणं भुकेपोटी होत नव्हतं.

ही मजा नेमकी काय करते, हे ऑक्सफर्डमध्ये बार्बरा रोल्स यांनी शोधलं. १९८० च्या सुमारास त्यांनी लोकांना जेवू घालण्याचे साधे प्रयोग मांडले. एका गटाला एकाच सारणाची सँडविच, दुसऱ्याला चार वेगवेगळ्या सारणांची. चार सारणंवाल्यांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. पुढच्या एका प्रयोगात जेवण चार टप्प्यांत वाढलं. एकदा चारही टप्प्यांत तोच पदार्थ, एकदा सॉसेज, मग लोणी-पाव, मग चॉकलेटचा गोड पदार्थ, मग केळी. दुसऱ्या तऱ्हेत लोक ६० टक्के जास्त जेवले. माणसं तीच आणि पोटंही तीच.

कारण असं, की एखादा पदार्थ खाता खाता त्याच पदार्थाची गोडी कमी होत जाते आणि बाजूच्या, न चाखलेल्या पदार्थाची तशीच राहते. हे इतक्या लवकर घडतं, की अन्न पचून रक्तात उतरण्याचा प्रश्नच नसतो. माकडांच्या मेंदूत, डोळ्यांच्या खोबणीच्या वरच्या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या पोटभर खाल्लेल्या पदार्थाच्या चवीला दाद देणं थांबवतात आणि दुसरी चव जिभेवर पडताच पुन्हा चेततात. शास्त्रज्ञ याला विशिष्ट-संवेदी तृप्ती म्हणतात. निसर्गाच्या हिशोबानं ही सोय उत्तमच. एकाच कंदावर जगणाऱ्याला कधी ना कधी एखाद्या जीवनसत्त्वाची वाण पडणार, म्हणून एका पदार्थाचा कंटाळा यावा आणि दुसऱ्याकडं हात जावा. रानावनात त्या दुसऱ्या पदार्थासाठी कोसभर चालावं लागत होतं. आता तो शेजारच्या काउंटरवर असतो.

आपल्या पंगती वाढणाऱ्यांना हे शास्त्र प्रयोगांशिवाय ठाऊक होतं. जिलेबीबरोबर मठ्ठा का? चार जिलेब्या खाल्ल्यावर पाचवी नको वाटते. तेवढ्यात आलं-मिरची-कोथिंबीर लावलेल्या आंबट, खाऱ्या, गार मठ्ठ्याचा घोट घ्यायचा, आणि पाचवी पुन्हा पहिलीसारखी लागते. मठ्ठ्यानं पोटात जागा होत नाही, उलट पेलाभर जागा तो स्वतःच खातो. जागा होते ती जिभेवर. बासुंदी-पुरीच्या मधे बटाट्याची भाजी, पुरणपोळीच्या शेजारी झणझणीत कटाची आमटी, श्रीखंडाशेजारी भजी आणि कैरीचं लोणचं, हे सारं त्याच हिशोबात बसतं. वर्षाकाठी चार सणांना ही करामत चालायची तोवर बिघडत नव्हतं. गहू, तूप आणि साखर त्या घरांत वर्षभर पुरत नव्हती, तेव्हा सणाला चार घास जास्त जाऊ देण्यात शहाणपणच होतं. आता आठवड्यातून दोनदा मागवलेल्या जेवणात स्टार्टर, दोन भाज्या, नान, बिर्याणी, रायता आणि शेवटी ब्राउनी असते, आणि जीभ दर वेळी नव्यानं तयार.

हे निव्वळ माणसाच्या लालचीपणाचं लक्षण मानायचं कारण नाही. १९७६ मध्ये अँथनी स्क्लाफानी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं प्रयोगशाळेतल्या उंदरांना रोजच्या खाद्यासोबत दुकानातले पदार्थ ठेवले. बिस्किटं, सलामी, चीज, केळी, मिल्क चॉकलेट, पीनट बटर, गोड आटीव दूध. रोजच्या वड्यांवर कधी न फुगणारे उंदीर पाहता पाहता टमटमीत झाले. माणसांवरचा तोलाचा प्रयोग २०१९ मधला, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतला. केविन हॉल यांनी २० जणांना महिनाभर संस्थेतच मुक्कामाला ठेवलं. दोन आठवडे पाकीटबंद, कारखान्यात बनलेलं खाणं, दोन आठवडे साधं, ताजं रांधलेलं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ, तंतू दोन्हीकडं सारखे, आणि हवं तेवढं खायची मुभा. तयार खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि वजन ९०० ग्रॅमनं वाढलं. साध्या खाण्याच्या दिवसांत तेवढंच उतरलं. ‘कमी खा’ असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

आता चातुर्मासाकडं बघा. आषाढी ते कार्तिकी एकादशी या चार महिन्यांत जुन्या माणसांनी धरायचे नेम ठरलेले होते. एकभुक्त, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. एकवाढी, म्हणजे पानात एकदा वाढतील तेवढंच, पुन्हा काही मागायचं नाही आणि घ्यायचं नाही. मिश्रभोजन, म्हणजे पानातलं सगळं एकत्र कालवून खायचं. शिवाय अळणी जेवण, एखादा आवडता पदार्थ चार महिने वर्ज्य करणं, वगैरे.

मिश्रभोजनाचं पान डोळ्यांसमोर आणा. डावीकडं चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, उजवीकडं दोन भाज्या, मधे वरणभाताची मूद, कडेला आमटीची वाटी आणि खीर. व्रत धरलेला माणूस भाताला अळं करतो, त्यात आमटी ओततो, भाज्या ढकलतो, चटणी मिसळतो, खीरही त्याच काल्यात जाते. मग एकाच रंगाचा, एकाच चवीचा तो ढीग घास घास करून संपवतो. पहिले चार घास भुकेपोटी बरे लागतात. दहाव्या घासाला जिभेला नवं काही उरलेलं नसतं, आणि भूक भागताच हात थांबतो. या व्रताचा हेतू रसनेवर ताबा हाच होता, कमरेच्या घेराशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता. पण विविधतेनं भूक कशी वाढते हे ज्याला कळलं असेल, त्यालाच असला उपाय सुचू शकतो. आज कुणी खीर-आमटी कालवून खावी असं मी सुचवणार नाही. एकवाढी मात्र जशीच्या तशी उचलावी. वजन उतरवण्याचा याहून सोपा, फुकटचा आणि घरात भांडण न लावणारा नियम मला तरी माहीत नाही.

आणि त्याच परंपरेनं उपासाचं काय करून ठेवलं तेही बघा. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडलेली नाही. एका माणसाच्या खिचडीत ७५ ग्रॅम साबुदाणा धरला तर साधारण २६० कॅलरी, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ३० ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या १७० आणि तीन चहाचे चमचे तुपाच्या १३५. म्हणजे ताटली पावणेसहाशेच्या घरात, बटाट्याच्या फोडी वेगळ्याच. त्याच दिवशी उपास नसता, तर दोन मध्यम भाकऱ्या, एक चमचा तेलातली पालेभाजी आणि वाटीभर वरण एवढं साडेचारशेत आटोपलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत भूकही लागली नसती. शिवाय उपासाला एवढ्यावर कुठं थांबतो आपण? वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याच्या गोड फोडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, वेफर्स. नेहमीच्या जेवणाचा एकसुरीपणा मोडून नव्या चवींची पंगतच मांडली जाते. पोट सुटलेल्या भाविक मंडळींनी उपास सोडले तर वजन उतरेल, असं म्हणायची पाळी येते.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात गाजलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत मला या दृष्टीनं महत्त्वाची वाटते. नागपूरच्या श्रीकांत जिचकारांनी ती मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी व्याख्यानांमधून घरोघरी पोचवली. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, तेव्हा ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवायचं, एरवी तोंडात काही टाकायचं नाही. इन्शुलिनबद्दलची त्यांची मांडणी सर्वच तज्ज्ञांना मान्य नाही, आणि तो वाद इथं काढत बसत नाही. नियम तळहातावर मावेल एवढा छोटा आहे, हीच त्याची ताकद. चहाबरोबरची खारी, चार वाजताचं फरसाण, मुलांच्या ताटलीतली उरलेली मॅगी, टीव्हीपुढचे दाणे, हे सगळं एका फटक्यात जातं. कॅलरी मोजायच्या नाहीत, तराजू आणायचा नाही, वेगळा स्वयंपाक करायचा नाही. उणीव एवढीच, की त्या ५५ मिनिटांत पंचपक्वान्नं मांडली तर माणूस दोन वेळांत चार वेळांचं खाऊ शकतो. काही जण तसं करतात आणि मग पद्धतीला बोल लावतात.

साधेपणाचा अतिरेक मात्र अंगाशी येतो. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी कशी होते, हे शंभर वर्षांपूर्वीच उमगलं. जावा बेटावर कोंबड्यांना तसाच तांदूळ घालून त्यावर संशोधन करणाऱ्या ख्रिस्तियान आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेलही मिळालं. केम्पनर यांचे रुग्ण रोजच्या देखरेखीखाली होते, घरी भात-फळं-साखर सुरू करणारा माणूस नसतो. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, वजनकाटा खूश होतो आणि जिना चढताना पाय थरथरतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोंच्या व्यक्तीला ५० ग्रॅम. डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यांतलं जे चालतं ते रोज पानात असल्याशिवाय हा आकडा गाठता येत नाही.

विविधता सरसकट वाईटही नाही. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात गोड पदार्थ, चटकमटक खाणं आणि मुख्य पदार्थ यांचे प्रकार जितके जास्त, तितकी अंगावर चरबी जास्त, असं आढळलं. भाज्यांचं बरोबर उलटं. भाज्यांचे प्रकार जास्त खाणारे सडपातळ होते. सरळ आहे, भाज्यांच्या विविधतेनं माणूस जास्त खातो ते भाजीच. तेव्हा साधेपणा कुठं आणायचा हे ओळखायला हवं. मेथी, अंबाडी, घोसाळं, दुधी, पडवळ, शेपू यांच्यात नको. फरसाणाच्या डब्यांत हवा.

साधेपणा म्हणजे रामबाण, असंही नाही. दोनशेच्या आसपास लोकांवर दीड वर्ष चाललेल्या एका अमेरिकी प्रयोगात एका गटाला सांगितलं, की गोडधोड, तळकट यांतले फक्त दोनच प्रकार निवडा आणि दीड वर्ष तेवढेच खा. त्यांनी असलं खाणं कमी खाल्लं खरं, पण व्यायाम आणि कॅलरींची मर्यादा दोन्ही गटांना होतीच, आणि अखेरीस वजनाची घट दोन्हीकडं सारखीच भरली. जो माणूस आधीच सगळं मोजूनमापून खातोय, त्याला या युक्तीनं फारसं आणखी काही मिळत नाही. मोजमाप न जमणाऱ्यांसाठी ती आहे, आणि आपल्यातले बहुतेक जण त्यातलेच.

मग घरात करायचं काय? नाश्ता आणि एक जेवण ठरवून टाकावं. रोज तोच नाश्ता, महिनोन्‌महिने. दोन अंडी आणि एक पोळी, किंवा मोड आलेल्या मटकीची वाटी आणि ताक, किंवा कोकणातल्यासारखी वाडगाभर पेज आणि सोबत उसळ. काय ते महत्त्वाचं नाही, रोज सकाळी ‘आज काय करू?’ हा प्रश्न उठता कामा नये. प्रश्न उठला की उत्तरात पोहे येतात, मग त्यावर शेव येते. रात्रीचं जेवण भाकरी, एक भाजी, वरण किंवा ताक. भाजी रोज वेगळी, बाकी साचा तोच. भात आवडत असेल तर भाकरीऐवजी भात खावा, भाकरीनंतर भात नको. आपल्याकडं पोळीनंतर भात हा जेवणाचा दुसरा अंक असतो, आणि रोल्सबाईंचा प्रयोग आपण रोज रात्री स्वतःवर करत असतो. दोन-तीन आठवड्यांत या जेवणाचा कंटाळा येतो. तो येऊ द्यावा. कंटाळवाणं जेवण भुकेला गोड लागतं आणि भूक नसताना नको वाटतं. जेवणाकडून एवढीच अपेक्षा आहे.

तेलाचा मात्र हिशोब करावा, कारण ते साधेपणाचं सोंग घेऊन पानात येतं. चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल तर माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम पडलं, म्हणजे पावणेचारशे कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००० कॅलरींच्या आहारासाठी आखलेल्या ताटात तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅमच आहे. या १५ ग्रॅमच्या फरकाच्या महिन्याला चार हजार कॅलरी होतात, आणि अंगावरची एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. फोडणी करताना बरणी थेट कढईवर तिरकी करण्याची सवय सोडून चमच्यानं तेल घातलं, तर कागदावर महिन्याला अर्धा किलो. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण वजन घटतं तशी शरीराची गरजही घटते. भाजीच्या चवीत फरक पडतो का? पहिले आठ दिवस पडतो.

लग्नकार्याला गेल्यावर सगळे काउंटर आधी फिरून बघावेत, एक पदार्थ आवडीचा निवडावा आणि तो पोटभर खावा. गोड हवं असेल तर तेही एकच. पोटभर खायला हरकत नाही, चाखत फिरायला आहे. आणि घरी कुणी वजन उतरवण्याच्या खटपटीत असेल, तर वाढणाऱ्यांना विनंती, की ‘अर्धीच वाढते’ म्हणून त्याच्या पानात दुसरी पोळी टाकू नका.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा विकार असेल, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं चालू असेल, तर जेवणाच्या वेळा आणि प्रमाण बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. औषधाचा डोस जुन्या जेवणावर बेतलेला असतो, आणि खाणं अचानक कमी झालं तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते.